हार्ट अटॅकनंतर सीबीसी आणि सीआरपी कसे वाचायचे: तालुक्याच्या दवाखान्यापासून सहा आठवड्यांच्या तपासणीपर्यंत

अटॅकच्या पेशंटची फाइल हातात आली की आधी ईसीजी पाहिला जातो, मग ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी रक्ततपासणी), मग अँजिओग्राफी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी). सीबीसीच्या कागदावर हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटवरून नजर फिरते आणि पान उलटतं. त्याच कागदावर मधोमध न्यूट्रोफिल ८२, लिम्फोसाइट ११ असे पांढऱ्या पेशींच्या दोन प्रकारांचे टक्के छापलेले असतात. या दोन आकड्यांचा भागाकार केला की हृदयाला झालेल्या इजेनं शरीर किती खवळलंय (यालाच पुढे 'सूज' म्हटलंय) याचा अंदाज येतो. पुढचे तीन-चार दिवस कोणत्या पेशंटवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं, हे ठरवायलाही त्याची मदत होते. त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत, वेगळं मशीनही लागत नाही.

पण हा आकडा लबाड आहे. नमुना कधी घेतला, कुठल्या हातातून घेतला, त्याआधी गावात कुठली सुई दिली होती, यावर तो सहज दुप्पट होतो. म्हणून इथे आकड्याच्या अर्थाइतकाच भर तो आकडा तयार कसा होतो यावर आहे. लेख ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर, सिस्टर आणि लॅब टेक्निशियन यांच्यासाठी आहे, आणि किनवटहून नांदेडला फाइल छातीशी धरून निघालेल्या पेशंटच्या मुलासाठीही.

आधी बंद नस, मग रक्ताचे आकडे

जीव वाचतो तो बंद पडलेली रक्तवाहिनी लवकर उघडल्यानं. सीबीसीच्या रिपोर्टसाठी पाच मिनिटंही थांबायचं नाही. छातीत दुखतंय म्हणून माणूस आला की १० मिनिटांत ईसीजी. ईसीजीच्या रेषेतला 'एसटी' हा भाग वर गेलेला दिसला की प्रश्न एकच: तो दिसल्यापासून १२० मिनिटांच्या आत कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी होते तिथे, वायर नसेच्या पार जाईल का? तुळजापूरहून सोलापूर ४५ किलोमीटर, तिथे हे गणित जमू शकतं. किनवट-माहूरकडून नांदेड गाठायचं, तर ॲम्ब्युलन्स येण्याचा वेळ धरून ते बहुधा जमत नाही.

जमत नसेल आणि दुखणं सुरू होऊन १२ तास झाले नसतील, तर रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्या दवाखान्यातच द्यायचं, अर्थात मेंदूतला रक्तस्राव, अलीकडचं ऑपरेशन अशा मनाई करणाऱ्या गोष्टी विचारून घेऊन. अशा टेनेक्टेप्लेज या इंजेक्शनचा डोस वजनावर ठरतो: ६० किलोच्या आत ३० मिग्रॅ, ६० ते ६९ किलोला ३५, ७० ते ७९ ला ४०, ८० ते ८९ ला ४५ आणि ९० किलोच्या पुढे ५०. वय ७५ च्या पुढे असेल तर निम्मा डोस. त्यानंतर ६० ते ९० मिनिटांनी पुन्हा ईसीजी काढायचा. एसटी निम्म्यानंही खाली आला नसेल तर नस उघडलेली नाही असं धरून पेशंट लगेच कॅथलॅबकडे. निम्म्याहून जास्त उतरला असला तरी पाठवायचंच, कारण अँजिओग्राफी २ ते २४ तासांत व्हायला हवी.

या गडबडीत आपलं काम एवढंच: सलाईनसाठी कॅन्युला घालताना, पाइप जोडायच्या आधी, त्याच टोचण्यात दोन नळ्या भरून घ्यायच्या. एक जांभळ्या झाकणाची, सीबीसीसाठी. दुसरी साधी लाल किंवा पिवळ्या झाकणाची, सीआरपी (सूज दाखवणारं प्रथिन), क्रिएटिनिन (किडनीचं माप) आणि ट्रोपोनिनसाठी. नळ्या बाजूला ठेवा, पेशंटकडे वळा.

रक्तात नेमकं काय घडतं

हृदयाच्या स्नायूचा तुकडा रक्ताविना मरायला लागला की तिथून धोक्याचे रासायनिक निरोप सुटतात. अस्थिमज्जेतून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी लोंढ्यानं बाहेर पडतात आणि मेलेला भाग साफ करायला धावतात. पांढऱ्या पेशी दुखणं सुरू झाल्यापासून दोन-तीन तासांतच वाढू लागतात, २ ते ४ दिवसांत टोक गाठतात आणि आठवडाभरात खाली येतात. दुसरीकडे शरीरावरच्या ताणानं कॉर्टिसॉल वाढतं आणि लिम्फोसाइट घटतात. वरचा आकडा वाढला, खालचा घटला, म्हणून त्यांचा भागाकार, म्हणजेच एनएलआर, दोन्ही बाजूंनी वर जातो.

ही सफाई गरजेचीच असते. तिच्याशिवाय जखम भरत नाही. बिघडतं ते ती अती झाली की. न्यूट्रोफिल सोडतात ती रसायनं शेजारच्या जिवंत स्नायूलाही भाजतात आणि बारीक केशवाहिन्या तुंबवतात. मग अँजिओप्लास्टी करून मोठी नस मोकळी झाली तरी पुढे स्नायूपर्यंत रक्त पोचत नाही. कॅथलॅबमध्ये याला 'नो-रिफ्लो' म्हणतात. एनएलआर जास्त असलेल्या पेशंटमध्ये नो-रिफ्लो, हृदयाचं पंपिंग कमी होणं, किडनीवर ताण आणि मृत्यू हे सगळं जास्त आढळतं, आणि हे देशोदेशीच्या अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

मात्र एक फरक डोक्यात पक्का असू द्या. जास्त एनएलआर हा मोठ्या इजेचा धूर आहे. धूर पंख्यानं उडवला म्हणून आग विझत नाही.

सुई टोचण्याआधी विचारायचे प्रश्न

मराठवाड्यात अटॅकचा पेशंट थेट मोठ्या दवाखान्यात क्वचितच येतो. आधी 'गॅस झालाय' म्हणून सोडा किंवा ओवा, मग गावातल्या डॉक्टरकडे एक सुई, मग तालुका. ती सुई कसली होती हे सगळ्यात आधी विचारा. तिच्यात डेक्सामेथासोन असेल, आणि बऱ्याचदा असतं, तर चार-सहा तासांत न्यूट्रोफिल वाढलेले आणि लिम्फोसाइट घटलेले दिसणारच. अटॅक छोटा असला तरी एनएलआर ८-१० दिसू शकतो. गुडघेदुखी किंवा दम्यासाठी रोज स्टेरॉइडची गोळी घेणाऱ्यांचंही तेच. 'गोळ्या कसल्या ते ठाऊक नाही, पण घेतल्या की भूक लागते, तोंड सुजतं' असं कुणी सांगितलं तर समजून घ्या.

सुई दंडात दिली की कमरेत, हेही विचारून घ्या. स्नायूत दिलेली सुई असेल तर गुठळी विरघळवणारं औषध दिल्यावर तिथे रक्ताची गाठ येऊ शकते. ती जागा दाबून धरायची आणि तासातासाला बघायची. ते औषध दिल्यानंतर तर स्नायूत एकही सुई नको.

पुढचा प्रश्न तापाचा. ऑगस्ट ते नोव्हेंबर डेंग्यूचा मोसम. डेंग्यूत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही पडतात, त्यामुळे अटॅक मोठा असूनही आकडे गरीब दिसतात आणि आपण फसतो. लघवीचा संसर्ग, मधुमेह्याच्या पायाची जखम, न्यूमोनिया, क्षयरोग यांनी उलट घडतं, आकडा फुगतो. अंगावर लोहाची कमतरता असलेल्या बाईच्या प्लेटलेट मुळातच चार लाखांवर असू शकतात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी एरवीही थोड्या जास्तच असतात. वय वाढेल तशा लिम्फोसाइट कमी होतात, म्हणून ८० वर्षांच्या आजोबांचा ४ आणि ३५ वर्षांच्या पोराचा ४ हे सारखे नाहीत.

या सगळ्याची उत्तरं रिपोर्टच्या पाठीमागे दोन ओळींत लिहा. आणि तीन गोष्टींची वेळ लिहायची, घड्याळ बघून: दुखणं सुरू झालं कधी, पहिली सुई कधी, रक्त काढलं कधी. या तीन वेळा नसतील तर पुढचा सगळा हिशोब म्हणजे अंधारात दगड मारणं.

नमुना कुठे बिघडतो

जांभळ्या नळीत रक्त खुणेपर्यंत भरायचं. कमी भरलं तर आतल्या रसायनाचं प्रमाण वाढून पेशी आकसतात, जास्त भरलं तर गुठळ्या होतात. भरल्यावर नळी आठ-दहा वेळा हळूच उलटी-सुलटी करायची, गदागदा हलवायची नाही.

एप्रिल-मेच्या उन्हात नमुना मोटारसायकलच्या डिकीतून तालुक्याहून जिल्ह्याला जातो. बाहेर ४२ अंश असतात आणि डिकीत त्याहून जास्त. अशा उष्णतेत पेशी फुगतात, फुटतात, मशीन त्यांना भलत्याच गटात टाकतं. नळी कापडात गुंडाळून थर्मासच्या डब्यात ठेवा, बर्फाला थेट टेकवू नका, आणि सहा ते आठ तासांत मशीनवर जाऊ द्या.

आता कुठल्या हातातून रक्त काढलं त्याबद्दल. सलाईन चालू असलेल्या हातातून काढलं तर रक्त पातळ होतं. एनएलआर हा दोन पेशींचा भागाकार असल्यानं दोन्ही सारख्याच पातळ होतात आणि आकडा फारसा हलत नाही. पण ज्या हिशोबात दोन पेशींचा गुणाकार तिसऱ्या पेशीनं भागतात (पुढे येणारा एसआयआय), तो पातळपणाच्या प्रमाणात खाली पडतो, आणि सीआरपीसुद्धा. उलट्या-जुलाब आणि घामानं सुकलेल्या पेशंटमध्ये हेच आकडे चढतात. म्हणून हात दुसरा घ्यावा.

प्लेटलेट अचानक ४०-५० हजार दिसल्या आणि अंगावर कुठे रक्ताचा डाग नाही, तर आधी काचेवर पसरलेलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. जांभळ्या नळीतल्या रसायनानं काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्यांचे पुंजके मोजत नाही. निळ्या झाकणाच्या नळीत पुन्हा नमुना घेतला की खऱ्याच्या जवळचा आकडा कळतो.

हिशोब, पायरी पायरीनं

समजा, ५८ वर्षांचा, ६४ किलोचा पेशंट आहे. दुखणं सुरू होऊन पाच तास झालेत. रिपोर्टवर एकूण पांढऱ्या पेशी १३,८००, न्यूट्रोफिल ८२ टक्के, लिम्फोसाइट ११ टक्के, मोनोसाइट ५ टक्के, प्लेटलेट २.७६ लाख.

पहिलं काम, टक्क्यांवरून संख्या काढणं. न्यूट्रोफिल १३,८०० चे ८२ टक्के म्हणजे ११,३१६. लिम्फोसाइट १,५१८. मोनोसाइट ६९०. लिम्फोसाइट १,००० च्या खाली असत्या तर तेवढ्यावरच लाल पेननं खूण केली असती.

एनएलआर म्हणजे ११,३१६ भागिले १,५१८, अर्थात ७.४५. टक्क्यांचाच भागाकार केला तरी, ८२ भागिले ११, तोच आकडा येतो. निरोगी माणसात हा साधारण १ ते ३ असतो.

पीएलआर म्हणजे प्लेटलेट भागिले लिम्फोसाइट: २,७६,००० भागिले १,५१८, म्हणजे १८२.

तिसरा आकडा एसआयआय. हा मूळचा यकृताच्या कॅन्सरच्या पेशंटसाठी २०१४ मध्ये मांडला गेला आणि तिथून हृदयाकडे आला. प्लेटलेट गुणिले न्यूट्रोफिल, भागिले लिम्फोसाइट. इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. हे सूत्र हजारांच्या एककात चालतं, आपल्याकडच्या लॅब मात्र प्लेटलेट लाखात आणि पांढऱ्या पेशी पूर्ण संख्येत छापतात. म्हणून २.७६ लाखाचे २७६ करायचे. मग २७६ गुणिले ७.४५, उत्तर २,०५७ च्या आसपास. लाखातलाच आकडा घातला तर २०.६ येतं, पूर्ण संख्या घातली तर वीस लाखांच्या पुढे जातं. मोबाइलमधलं कॅल्क्युलेटर यातलं काहीही निमूटपणे देतं. अटॅकमध्ये एसआयआय शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत असतो. त्याबाहेर गेलं तर एकक चुकलं समजा.

मोनोसाइट धरून काढतात तो एसआयआरआय: ०.६९ गुणिले ७.४५, म्हणजे ५.१. रोजच्या कामात याची गरज पडत नाही. खरं सांगायचं तर एनएलआर नीट काढला आणि नीट वाचला, तर बाकीच्या तिघांनी फार नवं काही कळत नाही. ते सगळे त्याच एका कागदाचे भाऊबंद आहेत, चार वेगळे साक्षीदार नाहीत.

मशीनबद्दलही एक गोष्ट. बऱ्याच छोट्या लॅबमध्ये पांढऱ्या पेशींचे तीनच गट करणारं मशीन असतं. ते न्यूट्रोफिल वेगळे देत नाही, 'ग्रॅन्युलोसाइट' देतं आणि त्यात इओसिनोफिलही धरलेले असतात. त्यावरचा भागाकार थोडा जास्त येतो. पाच गटांच्या मशीनवरच्या आकड्याशी त्याची तुलना करू नका. तालुक्याला तीन गटांवर ६ आणि जिल्ह्याला पाच गटांवर ५.५ आला म्हणजे सूज उतरली असं नव्हे.

टेक्निशियननं काचेवर १०० पेशी हातानं मोजल्या असतील तर अजून सावध. शंभरात ५ लिम्फोसाइट दिसल्या, तर खरा आकडा १ ते १२ टक्क्यांत कुठेही असू शकतो. न्यूट्रोफिल ९० टक्के धरले तर भागाकार ७ ही निघेल आणि ९० ही. लिम्फोसाइट ८ टक्क्यांच्या खाली असतील तेव्हा हातानं मोजायच्या किमान २०० पेशी, नाहीतर दशांशापुढचे आकडे छापण्यात अर्थ नाही.

सीआरपी: एकदा नव्हे, तीनदा

सीआरपी यकृतात तयार होतं, इजा झाल्यावर सहा-आठ तासांनी चढू लागतं आणि दीड-दोन दिवसांनी टोक गाठतं. दोन तासांपूर्वी दुखायला लागलेल्या पेशंटचं सीआरपी ४ आलं म्हणून 'सूज नाही' म्हणणं म्हणजे पेरणीच्या दुसऱ्या दिवशी शेतात जाऊन काही उगवलं नाही म्हणणं.

तरीही तो पहिला नमुना घ्यायचाच, कारण तो अटॅकच्या आधीची पातळी सांगतो. पहिल्या दोन-तीन तासांतच ६० आलं असेल, तर ते हृदयामुळे नाही. दुसरीकडे कुठेतरी संसर्ग धुमसतोय, तो शोधा. दुसरा नमुना ४८ तासांनी, तिसरा चौथ्या किंवा पाचव्या दिवशी.

एककाची फसगत इथेही आहे. काही लॅब मिग्रॅ प्रति लिटर छापतात, काही मिग्रॅ प्रति डेसिलिटर, आणि दोघांत दहापटीचा फरक. ९.६ प्रति डेसिलिटर म्हणजे ९६ प्रति लिटर. तालुक्याच्या लॅबमधलं ९.६ आणि शहरातलं ९६ शेजारी ठेवून घरच्यांनी धास्ती घेतली आणि निघालं ते एकच, असं होतं. 'पॉझिटिव्ह' एवढंच सांगणारी काचेवरची चाचणी या कामाला उपयोगाची नाही, आकडा हवा.

सीआरपीचं अर्धं आयुष्य १९ तासांचं. म्हणजे सूज खरोखर थांबली तर १२० वरून एका दिवसात ते ५० च्या आसपास यायला हवं. प्रत्यक्षात यकृत थोडं थोडं बनवत राहतं, म्हणून उतार सावकाश असतो. पण दिशा खालचीच हवी. ईएसआर मात्र या घाईत उपयोगी नाही. ते चौथ्या-पाचव्या दिवशी टोक गाठतं आणि काही आठवडे चढलेलंच राहू शकतं.

आकडा मोठा आला, आता काय

किती म्हणजे मोठा? अभ्यासांनी आपापल्या रेषा आखल्यात, कुठे ३, कुठे ५, कुठे ६ च्या पुढे. सर्वमान्य अशी एक रेषा नाही आणि हृदयरोगाच्या मोठ्या मार्गदर्शक तत्त्वांत एनएलआर पाहून उपचार बदला असं सांगितलेलं नाही. कामापुरता हिशोब असा: स्टेरॉइड, ताप, जुनी जखम यांपैकी काही नसताना पहिल्या दिवसाचा एनएलआर ५-६ च्या पुढे असेल तर पेशंट 'नजरेसमोरच्या' खाटेवर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो उतरण्याऐवजी चढत असेल तर काळजी दुप्पट.

हा आकडा एकटा वाचायचा नाही. जोडीला वय, नाडी, वरचं बीपी, क्रिएटिनिन, ईसीजी आणि छातीत पाणी किती हे घ्या. अटॅकनंतरचा धोका मोजणाऱ्या ग्रेस स्कोअरमध्ये हे सगळं असतं, त्यात सूज मोजलेली नाही. छातीतल्या पाण्याची वर्गवारी १९६७ पासून चालत आलेली किलिपची: पहिला वर्ग फुफ्फुसं कोरडी, दुसरा तळाशी करकर, तिसरा फुफ्फुसं पाण्यानं भरलेली, चौथा शॉक. आपल्या ५८ वर्षांच्या पेशंटची नाडी ८२, बीपी १३०, फुफ्फुसं कोरडी, इकोत पंपिंग ५० टक्के असेल, तर ७.४५ हा फक्त लक्ष ठेवण्याचा इशारा. त्याच ७.४५ सोबत नाडी ११२, बीपी ९८, तळाशी करकर, क्रिएटिनिन १.८ असेल, तर हा पेशंट जनरल वॉर्डात नको आणि घरच्यांशी गंभीरपणे बोलण्याची वेळ झाली आहे.

लक्ष ठेवणं म्हणजे नेमकं काय? पहिले २४ तास तासातासाला नाडी, बीपी, श्वासाचा वेग आणि ऑक्सिजन. दर चार तासांनी पाठीवर दोन्ही बाजूंना तळाशी स्टेथोस्कोप. लघवी किलोमागे तासाला अर्धा मिली, म्हणजे ६४ किलोच्या माणसाला तासाला ३२ मिली, दिवसाला पाऊण लिटरच्या वर. अँजिओग्राफीच्या औषधानं किडनी दुखावली का हे कळायला ४८ ते ७२ तासांनी क्रिएटिनिन. आणि रोज सकाळी हृदयाचे ठोके शांतपणे ऐकायचे. पहिल्या आठवड्यात अचानक नवी मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू आली आणि बीपी पडलं, तर पडद्याला भोक पडलंय किंवा झडपेची दोरी तुटलीय असं धरून त्याच मिनिटाला इको. सीआरपी २०० मिग्रॅ प्रति लिटरच्या पुढे गेलेल्या पेशंटमध्ये हृदय फाटण्याचा धोका जास्त असतो, हे १९९० च्या दशकापासून नोंदलेलं आहे.

काय करायचं नाही, तेही तितकंच महत्त्वाचं. पांढऱ्या पेशी १४ हजार दिसल्या म्हणून अँटिबायोटिक सुरू करू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत १००-१०१ पर्यंतचा ताप आणि एवढ्या पेशी अटॅकनंही होतात. सूज कमी करायला म्हणून स्टेरॉइड तर मुळीच नाही, त्यानं जखम भरत नाही आणि भिंत पातळ होते. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या वेदनाशामकांनाही बंदी. दुखत असेल तर पॅरासिटामॉल. ही बंदी घरी गेल्यावरही आहे, आणि मेडिकलमधून मागून आणलेली सांधेदुखीची गोळी ही ती मोडण्याची नेहमीची वाट.

चौथ्या दिवशी पुन्हा चढलं तर

उतरत आलेलं सीआरपी किंवा एनएलआर पुन्हा वर गेलं, तर हृदयाकडे बघण्याआधी कॅन्युला बघा. हातावरची ती जागा लाल, कडक, दुखरी असेल तर काढून दुसरीकडे घाला. मग लघवीची नळी: अजून गरज आहे का? नसेल तर आजच काढा आणि लघवी तपासायला पाठवा. मग छातीचा एक्स-रे. मग मनगट किंवा जांघ, जिथून अँजिओप्लास्टी झाली ती जागा. प्रोकॅल्सिटोनिन मिळत असेल तर जिवाणूंचा संसर्ग ओळखायला मदत होते. अँटिबायोटिकची वेळ संसर्ग सापडल्यावर येते आणि तेव्हा ती टाळायची नाही.

यातलं काही सापडलं नाही आणि छातीत झोपल्यावर वाढणारं, पुढे वाकून बसल्यावर कमी होणारं दुखणं आहे, तर हृदयावरच्या आवरणाची सूज. हेच दोन-तीन आठवड्यांनी तापासह आलं तर ड्रेसलर सिंड्रोम. इलाज जास्त डोसची ॲस्पिरिन, तीही डॉक्टरांच्या हिशोबानं.

पीएलआर अचानक पडला तर सूज गेली म्हणून खूश होऊ नका, प्लेटलेट बघा. टिरोफिबानसारखं प्लेटलेट रोखणारं इंजेक्शन दिलं असेल तर काही तासांतच त्या कोसळू शकतात. हेपॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनमुळे होणारी घट साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी दिसते. आधीच्या निम्म्यावर आल्या की हेपॅरिन थांबवून मोठ्या दवाखान्याशी बोला.

सूज कमी करणारी औषधं खरंच आहेत का

२०१७ च्या कँटोस अभ्यासात अटॅक येऊन गेलेले आणि सीआरपी २ च्या वर असलेले १०,०६१ पेशंट होते. कॅनाकिनुमॅब हे सुजेचा एक निरोप अडवणारं महागडं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी १५० मिग्रॅ दिल्यानं पुढचे अटॅक-स्ट्रोक १५ टक्क्यांनी घटले, पण जीवघेणे संसर्ग वाढले आणि एकूण मृत्यू कमी झाले नाहीत. संधिवातात देतात त्या मेथोट्रेक्सेटचा २०१९ मध्ये काहीच उपयोग दिसला नाही.

मग आली आपल्या ओळखीची कोल्चिसिन, गाऊटची स्वस्त गोळी. कोलकॉट अभ्यासात, २०१९ मध्ये, ०.५ मिग्रॅ रोज घेणाऱ्यांत हृदयाच्या पुढच्या घटना ७.१ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांवर आल्या. २०२४ मध्ये ७,०६२ पेशंटच्या क्लिअर सिनर्जी अभ्यासात मात्र ९.३ च्या जागी ९.१, म्हणजे फरक नाहीच. सीआरपी मात्र त्यातही घटलं होतं! आकडा घटला आणि माणसाचं काही बदललं नाही, याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही. म्हणून कोल्चिसिन सगळ्यांना सरसकट नको. हृदयरोगतज्ज्ञानं निवडक पेशंटला दिली तर द्यावी. किडनी खराब असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर ती विषारी ठरू शकते. जुलाब हे पहिलं लक्षण.

रोजची साधी औषधंच सूजही उतरवतात. अटोर्वास्टॅटिन ४० ते ८० किंवा रोझुवास्टॅटिन २० ते ४० मिग्रॅ एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) खाली आणतं आणि सीआरपीही. रिपोर्ट चांगला आला म्हणून ही गोळी बंद करणं ही घरी होणारी सगळ्यात महागडी चूक. दुसरी, स्टेंट घातल्यावर ॲस्पिरिन आणि त्याच्या जोडीची रक्त पातळ करणारी गोळी परस्पर थांबवणं.

घरी गेल्यावर, सहाव्या आठवड्यात

दवाखान्यातून निघताना सगळ्या रिपोर्टचे फोटो मोबाइलमध्ये घ्या, वेळेसकट. थर्मल कागदावरचा ईसीजी उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात दोन महिन्यांत पांढरा होतो, त्याची झेरॉक्स आजच काढा.

सहा आठवड्यांनी सीबीसी, एलडीएल, क्रिएटिनिन, इको आणि अतिसंवेदनशील सीआरपी करायचं. साधं सीआरपी खालच्या आकड्यांत आंधळं असतं. सर्दी, ताप, दाढदुखी नसतानाच करा, दोन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा, आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये. १ च्या आत उत्तम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर आलं तर ते हृदयाचं माप नव्हे, उगम शोधा: तंबाखू-गुटख्यानं सडलेल्या हिरड्या, मधुमेह्याच्या तळपायाची भेग, लघवी. हिरड्यांवर बोट फिरवून रक्त येतं का आणि पायाचे तळवे उजेडात धरून भेगा आहेत का, हे दोन मिनिटांत दिसतं. २ ते १० च्या मध्ये राहिलं, तर एलडीएल ५५ च्या खाली आहे का, तंबाखू खरंच सुटलीय का, साखर आणि कमरेचा घेर कुठे आहे, या क्रमानं बघायचं.

आणि त्या दिवशीचा एनएलआर, बहुधा २-३ च्या आसपासचा, फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. तो या माणसाचा स्वतःचा आकडा. पुढे कधी रात्री दोनला छातीत कळ येऊन तो परत आला, तर समोरच्या नव्या डॉक्टरला रिपोर्टवरचे ४ त्याच्यासाठी जास्त आहेत की नेहमीचेच, हे त्या पानावरून कळेल.